जग्गू कुणी व्हायचं?

आमच्या रनाळ्यात दिवस कलला की गल्लीत पोरांचा गलका सुरू होतो. कामावर गेलेली माणसं अजून परतायची असतात, चुली पेटायच्या असतात, आणि त्या तासाभरात गल्लीवर पोरांचंच राज्य असतं. पूर्वी तिथे विटीदांडू आणि लगोरी चालायची. अलीकडे एक वेगळाच खेळ रंगतो. एक पोरगा भीम होतो, एक कालिया होतो, एखादी पोरगी चुटकी होते, सगळ्यांत धाकटा असेल तो राजू होतो. आणि एकाला जग्गू व्हावं लागतं. टीव्हीवरच्या ‘छोटा भीम’ या कार्टून मालिकेचा हा खेळ.

परवा शेजारचं एक लेकरू या खेळातून मध्येच उठून घरी आलं. दुसरीत शिकतं. आजी उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. “काय जयं रे?” तिने विचारलं. पोरगा बोलेना. पाणी प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. बऱ्याच वेळाने एकच वाक्य बोलला, “मी माकड नही व्हसू.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खेळात रोज त्यालाच जग्गू करतात. जग्गू म्हणजे माकड. त्या दिवशी तो म्हणाला, आज मी भीम होतो. त्यावर एक मोठा पोरगा म्हणाला, “तू काळा आहेस. तू भीम कसा होशील? तू जग्गूच.” सगळी पोरं हसली. हसणाऱ्यांतली निम्मी पोरं त्याच्याइतकीच सावळी होती, पण तीही हसली.

त्याची आई हंगामात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जाते. दिवसभर मिरचीचे देठ खुडून हात भगभगत असतात. ती घरी आली, सासूकडून सगळं ऐकलं, आणि पोराच्या हातातला मोबाइल काढून घेतला. “उद्यापासून भीम बंद,” म्हणाली. तेव्हा मात्र पोरगा मोठ्याने रडला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. “भाऊ, तुम्ही लिहिता ना? मग सांगा, मी चुकले का? चित्रातल्या माकडानं माझ्या पोराला रडवलं.” तिला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. म्हणून चार संध्याकाळी त्या पोराशेजारी बसून मी जग्गूला नीट पाहिलं. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे माकड रोज येतं. ते कोण आहे, काय करतं, आणि त्याचा दोष किती, हे आज पाहू.

ज्या आजी-आजोबांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. ‘छोटा भीम’ ही मालिका एप्रिल २००८ मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या कंपनीने ती काढली. कंपनीचे संस्थापक राजीव चिलका यांनी ही पात्रं उभी केली. आतापर्यंत मालिकेचे शेकडो भाग झाले. ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ हा चित्रपट २०१२ साली थिएटरात लागला आणि २०२४ साली त्याच कथेवर खऱ्या नटांना घेऊन दुसरा चित्रपट निघाला. परदेशातून आलेली कार्टून आपल्या पोरांनी पुष्कळ पाहिली, पण आपल्याच देशात काढलेलं आणि इतकी वर्षं टिकलेलं कार्टून म्हटलं की पहिलं नाव याचंच निघतं.

गोष्ट घडते ढोलकपूर नावाच्या काल्पनिक नगरीत. तिथे राजा इंद्रवर्मा आहे, राजकन्या इंदुमती आहे, लाडू करणारी टुनटुन मौसी आहे. भीम नऊ वर्षांचा, ताकदवान, मनाने चांगला. लाडू खाल्ला की त्याच्या अंगात आणखी बळ येतं. टुनटुन मौसीची मुलगी चुटकी आणि धाकटा राजू हे त्याचे दोस्त. कालिया पहिलवान हा भीमाचा मत्सर करणारा धटिंगण पोरगा, आणि ढोलू-भोलू ही जुळी त्याची शेपटं. या माणसांच्या पोरांत एक माकड आहे, बोलणारं माकड. तोच जग्गू.

इथे आपल्या घरांपुरती एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. आपली लेकरं बोलायला लागतात ती ‘जयभीम’ म्हणत. दारात पाहुणा आला की आई शिकवते, हात जोड, जयभीम कर. मग एके दिवशी टीव्हीवर भीम दिसतो आणि लेकरू विचारतं, हाच का तो? मोठी माणसं हसतात, कुणाला राग येतो, कुणी कौतुक करतं. लेकराला सरळ सांगावं की टीव्हीवरच्या भीमाचं नाव महाभारतातल्या भीमावरून घेतलेलं आहे, आणि आपल्या बाबासाहेबांचं नाव भीमराव होतं. नाव सारखं, माणूस वेगळा. लेकराला हे कळतं. पण ज्या घरात दिवसातून दहा वेळा भीमाचं नाव निघतं, त्या घरच्या पोराला “तू भीम कसा होशील?” असं कुणी म्हणालं तर ते नुसतं खेळातलं बोलणं राहत नाही. त्या आईचा संताप का झाला हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता जग्गूकडे वळू.

चार संध्याकाळी मी पाहिलं ते असं. जग्गू भीमाच्या बरोबर असतो. खेळायला, भांडायला, संकटात, सगळीकडे. फांदीवरून फांदीवर जातो, त्यामुळे जिथे भीमाचे पाय पोचत नाहीत तिथे जग्गूचे हात पोचतात. केळी त्याला फार प्रिय. तो घाबरतोही, विनोदही करतो, आणि घाबरल्यावरही दोस्तांना सोडून जात नाही. सगळी पोरं बसतात तिथेच तो बसतो. चार पोरं बोलत असली तर पाचवा म्हणून त्याचंही मत असतं. त्याला कुणी ‘ए माकडा’ म्हणून हाक मारत नाही. जग्गू म्हणतात, म्हणजे नावाने हाक मारतात.

कार्टून काढणाऱ्यांना असं जनावर लागतंच कशाला, असा प्रश्न मला पडला. त्याची कारणं साधी आहेत. नायक फार बलवान असला की तो पोरांपासून दूर जातो. पाच वर्षांच्या लेकराला पर्वत उचलता येत नाही, राक्षस लोळवता येत नाही. पण त्याला भीती वाटते, भूक लागते, खोडी करावीशी वाटते. ही सगळी कामं नायकाच्या शेजारचा प्राणी करतो. पाहणाऱ्या लेकराच्या वतीने तो घाबरतो आणि त्याच्याच वतीने हसतो. शिवाय नायकाला आपल्या मनातलं कुणाशी तरी बोलावं लागतं, तेव्हा ऐकायला हा हजर असतो. आणि चित्र म्हणूनही शेपटीचा, उड्या मारणारा प्राणी पडद्यावर मजा आणतो. दहा पोरांच्या घोळक्यात तो लांबूनसुद्धा ओळखू येतो.

हे काही आजचं नाही. आज जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांना १९९३ सालचं ‘जंगल बुक’ आठवत असेल. मालिका जपानमध्ये तयार झालेली, पण दूरदर्शनवर हिंदीतून रविवारी सकाळी लागायची. गल्लीत एकाच घरी टीव्ही, आणि खिडकीलासुद्धा डोकी लागलेली. शेरखान वाघाला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज होता. त्या गोष्टीत मोगली हे माणसाचं पोर, आणि बल्लू अस्वल व बघिरा हा काळा बिबट्या त्याचे सोबती. सोबती म्हणायचे, पण खरं तर गुरुजीच. जंगलाचे नियम मोगलीला कुणी शिकवले? बल्लूने. बघिरा अंगाने काळाभोर होता, पण त्या पिढीतल्या कुठल्याही पोराला बघिरा व्हायला लाज वाटली नाही. उलट बघिरा व्हायला भांडणं होत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

जपानचंच दुसरं उदाहरण पोकेमॉनचं. ती मालिका तिकडे १९९७ साली सुरू झाली आणि काही वर्षांनी आपल्याकडे हिंदीतून आली. त्यातल्या अॅश नावाच्या पोराचा सोबती पिकाचू हा पिवळा प्राणी. त्या मालिकेत असे प्राणी एका गोळ्यात बंद करून ठेवायची रीत आहे, गरज पडली की बाहेर काढायचे. पिकाचू पहिल्याच भागात त्या गोळ्यात जायला नकार देतो. मी बंद होणार नाही, तुझ्या बरोबरीने चालेन, अशी त्याची अट. अॅशने ती मानली, आणि ती जोडी २०२३ साली त्यांची कथा संपेपर्यंत, सुमारे २६ वर्षं, तशीच चालत राहिली. जगभरच्या लेकरांनी त्या पिवळ्या प्राण्यावर जीव लावला. तो ताकदवान आहे हे एक कारण झालं. पण तो कुणाच्या खिशातला नाही, हे दुसरं कारण मला मोठं वाटतं.

यातूनच जग्गूला पारखायची एक कसोटी मिळते. गोष्टीत नायकाशेजारी जो प्राणी आहे, तो दास आहे की दोस्त? दास असेल तर तो बोलावल्यावर येतो, हाकलल्यावर जातो आणि त्याला स्वतःचं मत नसतं. दोस्त असेल तर तो रुसतो, नाही म्हणतो, चुकतो, आणि तरीही त्याची जागा त्याचीच राहते.

माकडाच्या बाबतीत हा फरक आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमच्या लहानपणी गावात मदारी यायचा. डमरू वाजला की आम्ही जेवणाचं ताट सोडून पळायचो. माकडाच्या गळ्यात दोरी, अंगात फाटकं झबलं. “सासरी कशी जाशील?” म्हटलं की ते डोक्यावर काठी घेऊन चालायचं. “साहेबाला सलाम कर” म्हटलं की सलाम करायचं. आम्ही टाळ्या पिटायचो. दोरीला हिसका बसला की त्या माकडाचे डोळे कसे व्हायचे हे आम्ही पाहत होतो, पण त्याचा अर्थ मोठेपणी कळला. ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला व लोकांपुढे नाचवायला मनाई केली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. मदारीही भटका आणि गरीबच होता. माकडाची दोरी सुटली तशी त्याच्या लेकरांची शाळेची वाटही तेव्हाच खुली व्हायला हवी होती, एवढं मात्र इथे म्हटलं पाहिजे.

तर त्या मदाऱ्याच्या माकडाशेजारी जग्गूला उभं करून पाहा. जग्गूच्या गळ्यात दोरी नाही. त्याला कुणी सलाम करायला लावत नाही. तो भीमासाठी झाडावर चढतो तो मनाने चढतो. या कसोटीवर जग्गू दास ठरत नाही, तो दोस्तच आहे. म्हणजे लेकराला रडवण्याचा गुन्हा निदान जग्गूच्या माथी मारता येत नाही.

मग तो कुणाच्या माथी?

थोडा मालिकेच्या माथी आहे, आणि तो सांगितला पाहिजे. ढोलकपुरात शेवटचा डाव नेहमी भीमाच्याच हातात पडतो. दोस्तांनी कितीही मदत केली तरी निकाल भीमाच्या एका ठोशाने लागतो. रोज तेच पाहणाऱ्या लेकराला वाटतं की जगात भीम होणं हेच काय ते होणं, बाकी सगळं उरलंसुरलं. दुसरी गोष्ट नावाची. मत्सर करणाऱ्या, इतरांना छळणाऱ्या पोराला नाव काय दिलं, तर कालिया. नाव ऐकलं की रंगच आठवतो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते आपण कसं सांगणार? पण काळा म्हणजे वाईट हे आपल्या समाजाने आधीच लेकरांना शिकवून ठेवलंय. त्यात रोज संध्याकाळी ‘कालिया’ कानावर पडला की तो धडा पक्का होतो. बघिरा काळा होता तरी त्याच्या रंगावरून कुणी हसलं नाही, कारण गोष्टीने त्याला मान दिला होता. म्हणजे रंगाला मान मिळेल की हसू, हे गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात असतं.

पण सगळ्यांत मोठा वाटा आपला, गल्लीतल्या मोठ्या माणसांचा आहे. खेळात कुणी काय व्हायचं हे त्या मोठ्या पोराने कसं ठरवलं? रंगावरून. हे तो कार्टूनमधून शिकला नाही. ‘काळ्या’ अशी हाक त्याने ओट्यावर ऐकली आहे. पोरगी झाली की “रंग कुणावर गेलाय?” हा पहिला प्रश्न त्याने घरात ऐकला आहे. लग्नाच्या बोलणीत “मुलगी गोरी आहे ना?” हे त्याने ऐकलं आहे. आणि आपल्या वस्तीत हे बोललं जात नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. अमुक माणसाने अमुकच काम करायचं, जन्मला तसाच राहायचं, हे ऐकून ऐकून आपल्या बापजाद्यांच्या पिढ्या गेल्या. तीच वाटणी आपली पोरं खेळात करू लागली तर त्यांना थांबवायचं कुणी? खेळातलं जग्गूचं काम वाईट नाही. ते काम एकाच पोराला कायमचं, त्याच्या कातडीकडे बघून दिलं, हे वाईट.

त्या आईला मी आणखी एक गोष्ट सांगितली. तीही एका माकडाचीच, आणि आपल्या वारशातली. महाकपी जातक तिचं नाव. जातककथेकडे मागच्या जन्माची हकीकत म्हणून पाहायची गरज नाही. बोध देणारी गोष्ट म्हणून ती लेकरांना सांगावी.

हिमालयात गंगेच्या काठी एक मोठा आंब्याचा वृक्ष होता. त्यावर माकडांचा कळप राहायचा, कथेत त्यांची संख्या ८०,००० दिली आहे. त्यांचा एक म्होरक्या होता. झाडाचं एकही फळ नदीत पडू द्यायचं नाही, अशी त्याने ताकीद दिली होती, कारण फळ वाहत गेलं की त्याच्या मागावर माणसं येतील. पण एक आंबा पानाआड राहिला, पिकला, पडला आणि वाहत वाहत वाराणसीच्या राजापर्यंत गेला. राजाला चव आवडली. तो शोध घेत झाडापाशी आला. रात्री माकडं फळं खाताना दिसली. त्याने तिरंदाजांना झाडाला वेढा घालायला सांगितलं, सकाळी सगळ्यांना मारायचं. माकडं थरथर कापू लागली. म्होरक्याने नदीपलीकडे मोठी उडी मारली, तिथून एक लांब वेत तोडला, त्याचं एक टोक तिथल्या झाडाला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं, आणि परत उडी घेतली. वेत थोडा कमी पडला. तेव्हा त्याने हातांनी आंब्याची फांदी धरली आणि कमी पडलेल्या तेवढ्या जागी स्वतःचं अंग ताणून पूल केला. सगळी माकडं त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली. शेवटी एक माकड मुद्दाम उंचावरून त्याच्या पाठीवर आदळलं आणि तो जबर जखमी झाला. राजा हे सगळं पाहत होता. त्याने त्याला जपून खाली उतरवलं, त्याची शुश्रूषा केली आणि विचारलं, तू यांचा कोण, की जीव टाकलास? तो म्हणाला, मी यांचा राजा आहे, यांचं सुख पाहणं हेच माझं काम. एवढं शिकवून त्याने प्राण सोडला.

ही गोष्ट शिल्पकारांना आणि चितारींना इतकी भावली की ती त्यांनी ठिकठिकाणी कोरली, रंगवली. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावर ती आहे. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर होती, तो दगड आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये ठेवला आहे. त्यात दोन माणसं खाली कापड ताणून उभी आहेत, वरचं माकड पडलं तर झेलायला. आणि आपल्या जवळ म्हणाल तर अजिंठ्यात, १७ क्रमांकाच्या लेण्यात ती रंगवलेली आहे. ते रंग पाचव्या शतकातले. जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर आहे. सहलीला गेलात तर लेकरांना १७ नंबरच्या लेण्यात थोडा वेळ थांबवा आणि सांगा की इथे एक माकड आहे, ज्याने राजाला राज्य कसं करावं ते शिकवलं.

माकड म्हटलं की हसायचं, हे म्हणूनच काही खरं नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी याच देशात माणसांनी माकडात पुढारी पाहिला, आणि पुढारी म्हणजे ज्याच्या पाठीवरून बाकीचे पार होतात तो, असं चित्र काढून ठेवलं. जग्गू त्याच कुळातला, असं मी त्या आईला म्हटलं तर ती पहिल्यांदा हसली.

आता घरात काय करायचं? आया-बहिणींनो, काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, मोबाइल काढून घेण्याआधी एकदा शेजारी बसून पाहा. रोज जमणार नाही, कामावरून थकून आल्यावर कुणाला जमतं? आठवड्यातून एकदा जमेल. लेकराला विचारा, आज जग्गूने काय केलं? तो नसता तर भीमाचं काय झालं असतं? लेकरं फार छान उत्तरं देतात. नायकाच्या शेजारच्या माणसाचं काम दिसायला लागणं, हे शिक्षणच आहे. आपल्या घरचा बाप सुरतेला इमारतीवर गवंडीकाम करतो, पण इमारतीवर नाव दुसऱ्याचं लागतं. त्या लेकराला हे लवकर समजेल.

दुसरी, खेळात पाळी लावायची. आज जो भीम तो उद्या जग्गू. चिठ्ठ्या टाका हवं तर. कुणी कायमचा वर नाही, कुणी कायमचा खाली नाही, हा धडा पुस्तकातून शिकवण्याआधी गल्लीत शिकवता येतो. पोरींनाही भीम होऊ द्या. चुटकीने लाडूच वळत बसावं असा काही नियम नाही.

तिसरी, रंगावरून हाक बंद. प्रेमाने मारलेलीसुद्धा बंद. घरात आजी ‘काळ्या’ म्हणते ते लाडाने म्हणते, पण ते ऐकणाऱ्या शेजारच्या पोराला लाड ऐकू जात नाही, नुसता शब्द ऐकू जातो.

चौथी, चिडवणाऱ्या पोराच्या घरी भांडायला जाऊ नका, बोलायला जा. त्या पोराला आपल्याच घरी बोलावलं तर आणखी चांगलं.

या शेजारणीने ही चौथी गोष्ट केली. तिने त्या मोठ्या पोरासह सगळ्या टोळीला ओट्यावर बसवलं, भाजलेले शेंगदाणे पुढे ठेवले आणि महाकपीची गोष्ट तिच्या पद्धतीने अहिराणीत सांगितली. मीही बाजूला होतो. पोरं आधी चुळबुळत होती, पुलापाशी गोष्ट आली तेव्हा गप्प झाली. संपल्यावर त्या मोठ्या पोरानेच विचारलं, “पाठीवर उडी मारली ते माकड कोण होतं?” कुणी काही बोललं नाही. तो थोडा वेळ शेंगदाण्याची साल चोळत राहिला. मग म्हणाला, “त्यानं तशी नव्हती मारायला पाहिजे.”

एका गोष्टीने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस पाळी नीट चालली, तिसऱ्या दिवशी भीम कोण यावरून पुन्हा हाणामारी झाली. आता चिठ्ठ्या टाकतात. काल चिठ्ठीत जग्गू त्या मोठ्या पोराला निघाला. त्याने तोंड वाकडं केलं, पण झाला. आणि आमचं शेजारचं लेकरू काल कालिया होतं. त्याला ते चालतं, कारण ते त्याच्या चिठ्ठीत आलं होतं.

मोबाइलचं म्हणाल तर आईने तो परत दिला आहे, पण जेवण झाल्यावर, एकच भाग. ती भाकरी थापता थापता कान देऊन असते. मधूनच आतून विचारते, “जग्गू काय करतोय रे?” आणि लेकरू पडद्यावरची नजर न काढता तिला सगळं सांगत राहतं.